सांगणारी आजी पडद्यावर कुठं बसवायची?

केजकडच्या एका तरुण शिक्षकानं विचारलंय ते थोडक्यात असं: "ताई, ऊसतोडीवरच्या एका कादंबरीवर मला सिनेमा करायचाय. २८० पानांची आहे. एक आजी नातवाला आपली सगळी हयात सांगते, अशी. लेखकाशी बोलणं झालंय, ते 'कर' म्हणालेत. पण माझी पटकथा १९० पानांची झाली. एक निर्माता म्हणाला, निम्मी कर. मला तर एक ओळ गाळवत नाही. मित्र म्हणतो, आधी याचं कॉमिक काढू, मग सिनेमा आपोआप सोपा जाईल. काय करू?" सोबत त्यानं पटकथेची पहिली सत्तर पानं पाठवली आहेत.

वाचली सगळी. निर्माता पानं मोजतोय, दुखणं मात्र त्याला सापडलेलं नाही. कादंबरी मोठी आहे म्हणून तुझी पटकथा लांबलेली नाही. आजी अजून बोलतेच आहे म्हणून लांबली आहे. पहिल्याच पानावर तू लिहिलंस, "आजीचा आवाज: त्या सालाला पाऊस आलाच न्हाई. हीर आटली, बारव आटली." आणि त्याखाली दृश्य काय, तर भेगाळलेली जमीन, कोरडी विहीर, वर घिरट्या घालणारी घार. म्हणजे आजीनं सांगितलं तेच कॅमेऱ्यानं पुन्हा सांगितलं. काम एक आणि मजुरी दोघांची.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाहीये. वीसेक वर्षांपूर्वी एका कथेचं मी पहिल्यांदा रूपांतर केलं तेव्हा लेखकाची वाक्यं मला इतकी आवडली होती की निम्मी जशीच्या तशी पार्श्वभूमीच्या आवाजात घातली. जालना जिल्ह्यातल्या एका गावात मंगल कार्यालयात पडदा लावून ती फिल्म दाखवली. संपल्यावर एक म्हातारे बाबा धोतराचा सोगा सावरत जवळ आले आणि म्हणाले, "चांगलं हाय बाई. पर मला दिसतंय ना. मंग पुन्हा सांगती कामून?" नंतर पुण्या-मुंबईच्या कार्यशाळांत पुष्कळ बसले, पण या प्रश्नाच्या पलीकडचं फारसं कोणी काही शिकवलं नाही.

पुस्तकात कुणीतरी सांगत असतं. वाचताना आपण घटना वाचतो असं वाटतं, पण धरून ठेवतो तो सांगणाऱ्याचा सूर. रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' (१९७१) घे. आपल्या मातीतलीच आहे. गावातल्या शिंप्याची बायको ती सांगते. नवऱ्याची फरफट बघत, कधी स्वतःवर चिडत, कधी गप्प होत. गोष्ट चार ओळींत सांगून होईल, पण पुस्तक उभं आहे ते त्या बाईच्या बोलण्यावर. सिनेमा झाला की पहिल्यांदा हे बोलणंच जातं. मग उरलेल्या घटना पडद्यावर मांडल्या की लोक म्हणतात, "पुस्तक भारी होतं, सिनेमात ती मजा नाही." नट वाईट होते असं नाही. सांगणारं माणूस घरातून उठून गेलं आणि त्याची जागा कुणी भरली नाही.

म्हणून काय गाळायचं हा तुझा पहिला प्रश्न नाहीच. आजी गेल्यावर तिच्या जागी काय ठेवणार, हे आधी ठरव. गाळणं त्याच्यामागून येतं.

ही जागा आपल्याकडच्या लोकांनी निरनिराळ्या तऱ्हेनं भरली आहे. जब्बार पटेलांचा 'सिंहासन' (१९७९) मला यासाठी पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अशा दोन कादंबऱ्या, आणि पटकथा तेंडुलकरांची. एक कादंबरी मावत नाही म्हणून तू रडतोयस, इथं दोन आहेत. मंत्री, कामगार पुढारी, चाळीतली माणसं, तस्कर, एवढी गर्दी. ती गर्दी पांगत नाही याचं एक मोठं कारण म्हणजे निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस. तो फारसं काही करत नाही. बंगल्यांवर जातो, ऐकतो, हसतो, सिगारेट ओढतो. पण तो ज्या खोलीत जातो तिथं आपल्यालाही जाता येतं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळतं की आत्ता समोर जे बोललं गेलं त्याची किंमत काय. शेवटी तो रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. लेखकानं पानंच्या पानं खर्चून जे मत दिलं असतं ते त्या हसण्यात आलं. सांगणाऱ्याच्या जागी बघणारा बसवला. मला वाटतं, आपल्या मराठीत हे इतक्या साफ हातानं फार कमी वेळा जमलंय.

'बनगरवाडी'त व्यंकटेश माडगूळकरांचा तरुण मास्तर स्वतःच सांगतो. अमोल पालेकरांच्या १९९५ च्या सिनेमात तो मास्तर आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या रंगभूमीवरून गेलेल्या चंद्रकांत कुलकर्णींनी केलाय. परक्या गावात आलेला माणूस ही मोठी सोय असते. त्याला काही माहीत नसतं, म्हणून प्रेक्षकालाही त्याच्याबरोबर कळत जातं. तुझ्याकडे परका माणूस नाही, पण नातू आहे. तो सध्या तुझ्या पटकथेत नुसता हुंकार भरतोय.

तिसरी तऱ्हा, सांगणाऱ्यालाच पडद्यावर आणायचं. 'श्यामची आई' हे पुस्तकच मुळात रात्रींचं आहे. आश्रमात श्याम रोज रात्री सांगतो, अशा ४२ रात्री. अत्र्यांनी १९५३ साली त्यावर सिनेमा केला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. २०२३ च्या नव्या सिनेमात तर साने गुरुजीच पात्र म्हणून येतात. 'फास्टर फेणे'तही (२०१७) भा. रा. भागवत, म्हणजे मूळ पुस्तकांच्या लेखकाच्याच नावाचे आजोबा, बन्याला भेटतात. दिलीप प्रभावळकरांनी ते काम केलंय, आणि सिनेमा आपल्या लातूरच्या रितेश देशमुखांच्या कंपनीचा. तुझी आजीही अशी येऊ शकते, पण येऊन ती बोलत बसली तर आपण पहिल्या पानावर परत आलो.

आता तुझ्याच पानांवर येऊ.

"पाऊस आलाच न्हाई" हे कसं दाखवायचं? २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायला लागलं त्या दिवसांत मी एका वस्तीवर गेले होते. एक बाई पोराला बाजेवर बसवून आंघोळ घालत होती. बाजेखाली घमेलं. दोन तांब्यांत आंघोळ. अंगावरून गळलेलं पाणी सुंभातून घमेल्यात, आणि तेच घमेलं तिनं उचलून शेळीपुढं ठेवलं. पोरगं ओलं, उघडं, न कुरकुरता उभं, कारण त्याला ते रोजचंच. हे पडद्यावर बारा सेकंद लागतात. घार नको, भेगा नकोत. भेगाळलेली जमीन आता बँकेच्या जाहिरातीतही असते.

दुसरं, तुझ्या ११ व्या पानावर आजी 'कोयता' म्हणजे काय ते समजावते. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते. कादंबरीत हे दोन वाक्यांत छान बसलंय. तू ते आवाजात घातलंस, वर पाटीसुद्धा टाकलीस. आता हे असं बघ. दसऱ्याच्या आसपासचे दिवस. मजूर गोळा करणारा मुकादम ओट्यावर वही घेऊन बसलाय. एकेक जोडी येते, अंगठा, सही, नोटा. आजी, म्हणजे तेव्हाची तरणी बाई, एकटीच पुढं येते. कपाळ मोकळं. मुकादम वर न बघता म्हणतो, "तुझा अर्धा कोयता." आणि मोजलेल्या नोटांतल्या निम्म्या काढून घेतो. मागची बाई नवऱ्याला किंचित जवळ ओढते.

कोयता म्हणजे काय ते बार्शीपलीकडं कधी न गेलेल्यालाही कळतं आणि मुंबईत बसलेल्यालाही. नवरा गेलाय हे कळतं. तिची किंमत निम्मी झाली हेही कळतं. तुझ्याकडं याच तीन गोष्टींना तीन प्रसंग आणि सात पानं लागली आहेत, त्यात अंत्यविधीचं एक लांबलचक दृश्य. ते काढ. प्रेत दाखवून जे साधत नाही ते निम्म्या नोटांनी साधतं.

एक ओळ गाळवत नाही म्हणतोस, तर एक खटपट करून बघ. पुस्तक पंधरा दिवस उघडायचं नाही. मग बसून, न बघता, आठवतं ते एका पानावर लिहायचं. जे आलं नाही ते सुंदर असेल, पण सिनेमाचं नाही. त्यानंतर वहीत प्रत्येक प्रकरणापुढं तीन रकाने कर: काय घडतं, कोण बघतं, कसं कळतं. पहिला रकाना सगळे भरतात. तिसऱ्यात जिथं 'आजी सांगते' एवढंच लिहावं लागेल तिथं लाल खूण कर. तुझ्या सत्तर पानांत मी मोजल्या, एकतीस जागा निघाल्या. तुझं खरं काम तिथं आहे.

कार्यशाळेत मुलांना मी भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' देते. शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. पोरगा सांगतो, बापाच्या टोमॅटोला बाजारात भाव मिळत नाही, शेवटी बाप ते टोमॅटो पायांखाली तुडवतो. दहापैकी नऊ जण शेवटापासून सुरू करतात. स्लो मोशन, लाल शिंतोडे, आभाळाकडं तोंड करून ओरडणारा बाप. मी विचारते, भाव किती होता आणि कितीवर आला? प्रेक्षकाला आकडे कधी कळले? गप्प बसतात. तो चिखल लाल दिसण्याआधी बाजारात भाव पायरी पायरीनं उतरलेला दिसला पाहिजे, आणि प्रत्येक पायरीला बापाचं तोंड पोराला दिसलं पाहिजे. ते नसेल तर शेवटी नुसता रंग उरतो.

लांबीचा हिशेबही जाता जाता. 'एक पान म्हणजे एक मिनिट' हा नियम इंग्रजी पटकथेच्या ठरावीक अक्षरावर आणि मांडणीवर बेतलाय. देवनागरीत तो डोळे झाकून लावू नकोस. मोबाइलवर घड्याळ लावून मोठ्यानं वाच, न बोलता घडणाऱ्या गोष्टी मनात घडू दे, आणि मग मिनिटं बघ. तुझी १९० पानं माझ्या अंदाजानं अडीच तासांच्या पुढं जातात. मला तर तुझ्या गोष्टीला एक तास पन्नास मिनिटं पुष्कळ वाटतात.

७२ च्या दुष्काळाचं प्रकरण ठेवायचं असेल तर खर्च लक्षात घे. लेखक लिहितो, "खडी फोडायला पाचशे माणूस होतं." त्याला शाई सोडून काही लागलं नाही. तुला पाचशे माणसांचं जेवण, लुगडी, पाणी, सावली लागेल. बारा बाया घे, आणि टेकाडापलीकडून हातोड्यांचा आवाज येऊ दे, शेकडो हातोड्यांचा. वास्तविक त्या बारा बायकांपेक्षा तो आवाजच जास्त अंगावर येईल. वर सुकडीची, म्हणजे दुष्काळी कामावर वाटल्या जाणाऱ्या खाण्याची, रांग एकदा दाखवलीस की काळ कळला.

भाषेबद्दल मात्र थांबून बोलायला पाहिजे, कारण इथं तुझ्या लक्षात न आलेली एक गंमत झालीय. आपल्याकडच्या बऱ्याच ग्रामीण कादंबऱ्यांत निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत असतात. सिनेमात निवेदन गेलं की उरतात नुसते संवाद. म्हणजे पुस्तकापेक्षा सिनेमा जास्त बोलीतला होतो. तुझ्या कादंबरीत तर आजीचं निवेदनही बोलीतच आहे. बोली कमी करू नकोस, पण ती कुठली ते ठरव. केज-अंबाजोगाईकडं "काय करायलास", जालन्याकडं "कामून", हिंगोलीकडं गेलं की "काऊन". तुझ्या संवादांत तिन्ही आहेत, आणि एके ठिकाणी कोल्हापूरही डोकावलंय. सिनेमावाल्यांना ग्रामीण म्हटलं की कोल्हापूर-साताराच ऐकू येतं, ती सवय त्यांची. तू केजचा असून का घेतलीस? माझ्या एका फिल्मच्या वेळी एका नामांकित नटानं प्रत्येक वाक्याला 'लई' जोडून टाकलं होतं. मी अडवलं तर म्हणाला, "लोकांना हसू यायला पाहिजे ना." फिल्म सावकारीवर होती. शेवटी संवाद आमच्या गावच्या एका बाईकडून ध्वनिमुद्रित करून आणले आणि चित्रीकरणाआधी महिनाभर नटांना तेच ऐकवत राहिले. तूही तेच कर. आईला, चुलतीला मोबाइलपुढं बसव आणि प्रसंग सांगून तिच्या शब्दांत बोलू दे. कागदावर लिहिलेली बोली हटकून जरा नटवी होते.

निर्माता उद्या म्हणेल, ऊसतोडीवरच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रियांचा मुद्दा घाला, २०१९ ला केवढा गाजला. मुद्दा खरा आहे, भयंकर आहे. पण तुझ्या कादंबरीतल्या बाईचा काळ वेगळा, तिचं दुःख वेगळं. बातमी आणून चिकटवलीस तर दोन्हींचं नुकसान होईल.

आता हक्क. "बोलणं झालंय" हे वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला. आपल्याकडचे लेखक मोठ्या मनाचे असतात, "घ्या की, आपलंच आहे" म्हणतात, चहा पाजतात. मी असंच एका ज्येष्ठ लेखकांच्या शब्दावर वर्षभर लिहीत बसले. ते वारले आणि घरच्यांनी हक्क दुसऱ्याला देऊन टाकले. त्यांचं काही चुकलं नाही, माझ्याकडं कागद नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि करारात वेगळं म्हटलेलं नसेल तर घेतलेला हक्क वर्षभरात न वापरल्यास तो संपतो. तुझा सिनेमा वर्षात उभा राहणार नाही, तेव्हा हे कलम वकिलाकडून नीट लिहून घे. चित्रपटाचे हक्क लेखकाकडंच आहेत की प्रकाशकाशी झालेल्या करारात गेलेत, तेही आधी बघ. लेखकाच्या निधनानंतर हक्क ६० वर्षं चालतात. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांना मोकळं आहे. तुझे लेखक हयात आहेत, त्यांना दीर्घायुष्य लाभो.

हक्क घेतले म्हणजे मनाला येईल ते करता येतं असंही नाही. मन्नू भंडारींच्या 'आपका बंटी'वर 'समय की धारा' नावाचा सिनेमा झाला, तेव्हा कृतीची मोडतोड झाली म्हणून त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. हक्क दिल्यावरही लेखकाचा आपल्या कृतीचं विद्रूपीकरण रोखण्याचा अधिकार शिल्लक राहतो, हे त्या १९८६ च्या निकालात स्पष्ट झालं. तेव्हा नोटांचा प्रसंग लिहिलास की लेखकांना नेऊन वाचून दाखव. अंत्यविधी गेला म्हणून रुसतील. रुसू देत, चहा होईपर्यंत ओसरतं. चित्रीकरण सुरू झाल्यावर कळलं तर मात्र ओसरत नाही.

राहिला मित्राचा कॉमिकचा सल्ला. कॉमिकमध्ये चित्रं असतात म्हणून ते सिनेमाच्या जवळ, हा गैरसमज आहे. कॉमिक वाचताना वेळ वाचकाच्या हातात असतो. एका चौकटीत वेताळानं, म्हणजे फँटमनं, हात उगारला, पुढच्यात गुंड पडलेला, मधला ठोसा आपणच मारलेला असतो. इंद्रजाल कॉमिक्स वाचत मोठे झालेले आम्ही दोन चौकटींमधल्या त्या पांढऱ्या पट्टीतच सगळं बघायचो. सिनेमात ती पट्टी नसते, ठोसा प्रत्यक्ष दाखवावा लागतो आणि तो आपल्या ठोशाएवढा भारी कधीच नसतो. 'चिंटू' आठव. १९९१ पासून 'सकाळ'मध्ये रोज तीन-चार चौकटी, एक गंमत, संपलं. २०१२ ला त्यावर सिनेमा करायचा तर माणसं आयती मिळाली, पण दीड-दोन तास पुरेल अशी सलग गोष्ट नव्यानंच बांधावी लागली. तेव्हा कॉमिक काढून सिनेमा सोपा होणार नाही, एकाऐवजी दोन रूपांतरं करावी लागतील.

पण मित्र चित्र काढणारा आहे तर त्याला सोडू नकोस. पटकथेतले दहा प्रसंग त्याच्याकडून काढून घे, अट एकच, बोलण्याचे फुगे नाहीत आणि वर निवेदनाची पट्टी नाही. मग ते कागद पुस्तक न वाचलेल्या माणसापुढं ठेव, शाळेतल्या शिपायापुढं ठेव, आणि "काय चाललंय?" एवढंच विचार. जिथं तो अडेल तिथं चित्र चुकलेलं नाही, तिथं तुझ्या लिहिण्यात अजून आजी बोलतेय.

आणि आजीचा आवाज पूर्ण काढू का, हेही तू विचारशीलच. एका जागी ठेव. ६४ व्या पानावर कोपीत, म्हणजे ऊसतोडवाल्यांच्या झोपडीत, पाऊस गळतोय, कंदील विझलाय, पोरगं तापानं फणफणलंय आणि ती अंधारात त्याला राजा-राणीची गोष्ट सांगत बसते. तिथं पडदा काळा आहे, बघण्यासारखं काही नाही, तिचं बोलणंच ऐकायचंय. तो प्रसंग जसा आहे तसा राहू दे, एक शब्दही हलवू नकोस. बाकीच्या लाल खुणांच्या जागा पुन्हा लिही आणि पंधरा दिवसांनी पाठव.